समतोल : नाम की क्रियापद?

गेल्या जूनमध्ये आमच्या वाडीतला नववीतला एक मुलगा वही घेऊन माझ्याकडे आला. मी शिक्षक नाही. बारावीनंतर माझे रीतसर शिक्षण थांबले ते थांबलेच. पण घरात पुस्तके आहेत आणि कोणी काही विचारायला आले तर मी हाकलून देत नाही, एवढे वैभववाडीच्या आमच्या टापूत सर्वांना माहीत आहे. वहीत एक व्याख्या होती : बाहेरची परिस्थिती बदलली तरी शरीराच्या आतली परिस्थिती स्थिर राखण्याच्या क्रियेला समस्थिती म्हणतात. खाली उदाहरण : उन्हात घाम येतो, तो वाळताना उष्णता घेऊन जातो, म्हणून शरीर थंड राहते. त्याखाली बाईंची लाल शाईतली बरोबरची खूण.

व्याख्या बरोबर होती, उदाहरणही बरोबर होते. मी त्याला विचारले, "मग हातपाय गारठून गेलेल्या माणसाला दरदरून घाम का सुटतो?"

तो जरा वेळ वहीकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "काका, ता पुस्तकात नाय हा."

पुस्तकात ते नाही, हे खरेच. पण मी ते पाहिले आहे. १९७९ च्या मे महिन्यात, मी नऊ वर्षांचा असताना, माझ्या सहा वर्षांच्या धाकट्या भावाच्या अंगावर पाहिले आहे. पावसाळ्याच्या बेगमीची लाकडे पडवीत रचायचे काम चालले होते. आम्ही दोघे गडग्याला लागून ठेवलेल्या ढिगातली लाकडे उचलून देत होतो. त्याच्या बोटाला लहानसा, तांबूस विंचू डसला. आजी आत ओरडत गेली, "पोराक इचू चावलो!" विंचू उतरवणारे गृहस्थ आले. त्यांनी त्यांचे काम केले, तासाभराने पोराचे रडणे थांबले आणि ते म्हणाले, उतरला. सर्वांनी सुस्कारा सोडला. पण त्याआधीच दोनदा उलटी झाली होती आणि घाम थांबत नव्हता. सदरा पिळून काढावा इतका घाम, आणि हातपाय मात्र थंडगार. आजीने निखाऱ्यावर फडके तापवून तळपाय शेकले. रात्री श्वास घरघरू लागला, तोंडाला गुलाबीसर फेस आला. गाडी मिळून घाटाच्या दिशेने निघेपर्यंत पहाट होत आली होती. तो वाटेतच गेला.

घरात त्यानंतर एकच वाक्य राहिले : विष चढले. तेव्हा आमचा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यात होता, सिंधुदुर्ग व्हायला दोन वर्षे होती, आणि दवाखाना लांब होता. पण अंतर हे उत्तर मला कधी पुरे वाटले नाही. दवाखाना जवळ असता तर तिथे काय केले असते, हा माझा प्रश्न होता. त्याचे उत्तर शोधताना मी जीवशास्त्राची क्रमिक पुस्तके, मार्गदर्शके, लोकविज्ञानाची पुस्तके वाचत गेलो. त्या वाचनातून आलेले हे टिपण आहे. मुद्दा एवढाच : आपण मराठीतून जीवशास्त्राची ओळख करून देतो तेव्हा दोन क्रियापदांची नामे करून टाकतो, आणि त्यात विषयाचा प्राणच निसटतो. पहिले क्रियापद शरीराचे, दुसरे शास्त्राचे.

*

आधी शरीराचे. आतले वातावरण ही कल्पना फ्रान्सच्या क्लोद बर्नार यांची. एकोणिसाव्या शतकात त्यांनी मांडले की, प्राणी बाहेरच्या हवेत राहतो हे अर्धसत्य आहे. त्याच्या पेशी राहतात त्या आतल्या द्रवात, आणि ते आतले वातावरण टिकून आहे म्हणून प्राण्याला बाहेर मोकळेपणी वावरता येते. अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९२६ मध्ये या टिकवण्याला 'होमिओस्टॅसिस' हे नाव दिले आणि १९३२ मध्ये 'द विज्डम ऑफ द बॉडी' या पुस्तकात ते सामान्य वाचकापर्यंत नेले. नाव देताना त्यांनी दोन खुलासे केले होते. पहिला असा की, 'स्टॅसिस' म्हणजे साचलेले, न हलणारे काही नव्हे. दुसरा असा की, त्यांनी मुद्दाम 'तेच' या अर्थाचा नव्हे तर 'सारखेसे' या अर्थाचा ग्रीक उपसर्ग निवडला, कारण शरीरातले आकडे एका जागी खिळलेले नसतात, ते एका पट्ट्यात हलत असतात.

हे दोन्ही खुलासे मराठीत येताना गळून पडले. समस्थिती, समतोल, संतुलन हे शब्द आपण वापरतो. 'सम'मध्ये 'तेच' आणि 'सारखेसे' यांतला फरक उरत नाही, आणि 'स्थिती' तर उभीच आहे. 'समतोल' म्हटले की डोळ्यांपुढे वाण्याचा तराजू येतो : दोन पारडी बरोबर झाली, काटा मधोमध थांबला, काम संपले. जिवंत शरीरात काटा कधीच थांबत नाही. निरोगी माणसाचे तापमान पहाटे सर्वांत कमी आणि दुपार कलताना सर्वांत जास्त असते. उपाशीपोटी रक्तातली साखर शंभर मिलिलिटरमागे साधारण ७० ते १०० मिलिग्रॅम असते, जेवणानंतर ती चढते आणि मग इन्शुलिन तिला उतरवते. चढले हे कळणे, उतरवणे, फार उतरले हे कळणे, पुन्हा चढवणे, अशी ही साखळी आहे. हे काम थांबते तेव्हा माणूस थांबतो.

गंमत अशी की, मराठी बोलीला हे पूर्वीपासून ठाऊक आहे. बोलताना आपण 'तोल' हा शब्द क्वचितच एकटा सोडतो. तोल जातो, तोल सावरतो, तोल सांभाळतो. डोक्यावर गवताचा भारा घेऊन शेताच्या मेरेवरून चालणारी बाई पाहावी. भारा स्थिर दिसतो, कारण मान, कंबर आणि पावले क्षणभरही स्थिर नसतात. भारा डावीकडे कलण्याआधी मान उजवीकडे गेलेली असते. शरीराच्या आतल्या कारभाराला याहून नेमकी उपमा मला सापडलेली नाही. पुस्तकाने तराजू निवडला आणि भारा सोडून दिला.

शब्दाच्या या निवडीचा परिणाम केवळ शब्दापुरता राहत नाही. समतोल ही वस्तू मानली की आजार म्हणजे त्या वस्तूला बाहेरून बसलेला धक्का एवढेच सुचते. सावरणारी यंत्रणाच गरजेपेक्षा जास्त सावरू लागली तर काय होईल, हा प्रश्न तराजूच्या चित्रात उभा राहत नाही. मेरेवरच्या बाईच्या चित्रात तो लगेच दिसतो : मानेला जोराचा हिसका बसला, तर भारा त्या हिसक्यानेच पडेल.

*

आमच्या घरात घडले ते नेमके हे. पण ते मला कळले फार उशिरा, कोल्हापुरातल्या एका डॉक्टर मित्राने काही लेखांच्या झेरॉक्स पाठवल्या तेव्हा.

ते लेख डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे होते. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचा हा माणूस नागपूरला एम.बी.बी.एस. होऊन १९७६ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आला. महाडजवळचे बिरवाडी आणि आमची वैभववाडी यांच्यात कोस बरेच आहेत, पण जांभा तोच, गडगे तेच आणि तांबडा विंचूही तोच. विंचूदंशाने माणसे, विशेषतः मुले, मरताना त्यांनी पाहिली. फुप्फुसांत पाणी भरून असे मृत्यू होतात, हे मुंडले यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये १९६१ सालीच नोंदवले होते. पण पाणी का भरते आणि कोणाच्या फुप्फुसात भरणार हे आधी कसे ओळखायचे, हे प्रश्न उघडेच होते. उपचार म्हणून गुंगीच्या औषधांचे मिश्रण, स्टेरॉइड, अ‍ॅट्रोपीन असे काय काय दिले जाई. प्रत्येक औषध एका लक्षणामागे धावत होते.

बावस्करांनी आधी केले ते साधे काम : खाटेजवळ बसून नाडी, रक्तदाब, घाम, उलटी, हातापायांचा गारवा हे पुन्हा पुन्हा नोंदवणे. १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या लेखात या नोंदींतून त्यांनी धोक्याच्या पूर्वखुणा मांडल्या. उलट्या, भरमसाट घाम, तोंडाला सुटणारी लाळ, पुरुषांत लिंगाला येणारा ताठपणा. या खुणा दिसल्या तर हृदयावर संकट येते आहे, असे समजावे. त्यांच्या लेखांतून आणखी एक गोष्ट कळते, ती मला सर्वांत बोचली : नुसती भयंकर कळ आणि बाकी काही नाही, असा रुग्ण बहुधा वाचतो. म्हणजे आमच्या पडवीत बसून सगळे ज्या एका गोष्टीवर लक्ष ठेवून होते ती, पोराची कळ, चुकीची खूण होती. ती उतरली म्हणून आम्ही निश्चिंत झालो. बरोबर खूण त्याच्या सदऱ्यातून निथळत होती.

आता त्या मुलाला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देता येते. उन्हात घाम येतो तेव्हा कातडीखालच्या रक्तवाहिन्याही रुंदावतात, दोन्ही मिळून उष्णता बाहेर टाकतात. विंचवाचे विष चेतातंतूंमधली सोडियमची दारे नीट मिटू देत नाही. त्यामुळे शरीराच्या आपोआप चालणाऱ्या चेतासंस्थेच्या दोन्ही शाखा एकदम पेटतात. संकटात पळण्या-लढण्यासाठी थोडे थोडे सुटणारे अ‍ॅड्रिनॅलिनसारखे स्राव पूर आल्यासारखे सुटतात. घामाच्या ग्रंथींना हुकूम मिळतो, घाम येतो. रक्तवाहिन्यांना आवळण्याचा हुकूम मिळतो, हातपाय गार पडतात. एरवी असे परस्परविरोधी हुकूम शरीर उष्णतेशी झुंजताना देत नाही. आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलता ढकलता हृदय थकते आणि पाणी फुप्फुसात उतरते. या पळा-किंवा-लढा यंत्रणेचा अभ्यास ज्यांनी केला ते वॉल्टर कॅननच. त्यांनी काही मांजरांची ही अख्खी चेताशाखा काढून टाकली होती. प्रयोगशाळेच्या उबेत ती मांजरे सुखाने जगली. थंडीत ठेवली की त्यांना आपली ऊब राखता येईना. म्हणजे जी यंत्रणा नसली तर बाहेरच्या जगात निभाव लागत नाही, तीच बेबंद झाली तर जीव घेते.

यातून उपचार निघतो तो उलटा वाटणारा. थंड पडलेल्या, श्वास लागलेल्या रुग्णाला ताकद द्यावी, हे कोणालाही सुचेल. बावस्करांनी वाहिन्या सैल करायचे ठरवले. आधी सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरले, पण ते शिरेतून थेंबाथेंबाने, सतत रक्तदाब पाहत द्यावे लागते. खेड्यात ते कोण करणार? मग त्यांनी प्राझोसिन घेतले. रक्तदाबावर वापरली जाणारी ही स्वस्त, तोंडाने घ्यायची गोळी अ‍ॅड्रिनॅलिनजातीच्या स्रावांचा वाहिन्यांवरचा हुकूम अडवते. १९८६ मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये आले. बावस्करांनी दिलेल्या आकड्यांनुसार पूर्वी गंभीर रुग्णांत शेकडा २५ ते ३० मृत्यू होत. प्राझोसिननंतर ते प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले.

*

आता दुसरे क्रियापद, शास्त्राचे. आपल्या पुस्तकांत वैज्ञानिक पद्धती ही पायऱ्यांची यादी असते : निरीक्षण, प्रश्न, गृहीतक, प्रयोग, निष्कर्ष. प्रयोगवहीत तीच यादी साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान अशी उतरते. ती वही भरलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे की, अनुमान आधी फळ्यावरून उतरवायचे आणि निरीक्षण त्याला जुळेल असे लिहायचे. न जुळणारे निरीक्षण म्हणजे चूक, ती खोडायची. पायऱ्या चुकीच्या नाहीत. पण जिना चढून माणूस वर पोहोचला की काम संपते, हे चित्र तराजूच्या काट्याइतकेच खोटे आहे.

बावस्करांचे काम या यादीत बसवून पाहावे. प्राझोसिनवर निष्कर्ष निघाला, नाव झाले, मुले वाचू लागली. यादीप्रमाणे इथे पूर्णविराम. मुंबईत के. राधा कृष्ण मूर्ती यांची मांडणी वेगळी होती. त्या वादळात इन्शुलिन दबते, म्हणून इन्शुलिन द्यावे, असे त्यांचे म्हणणे. विषावरच्या लशीचा, म्हणजे प्रतिविषाचा, प्रश्न वेगळाच राहिला. मग २०११ मध्ये बावस्कर पतिपत्नींचा, डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी यांचा, 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मधला लेख येतो. त्यात ७० रुग्ण आहेत. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले : ३५ जणांना नुसते प्राझोसिन, ३५ जणांना प्राझोसिन आणि प्रतिविष. दहा तासांनी पूर्ण बरे झालेले पहिल्या गटात ८, दुसऱ्या गटात ३२.

हे आकडे मी बराच वेळ पाहत राहिलो. ज्या गोळीमुळे या माणसाला जग ओळखते, ती एकटी पुरेशी नाही, हे त्याने स्वतःच्या रुग्णालयात, स्वतः मोजून, स्वतःच्या नावाने छापले. ही चाचणी खुली होती, म्हणजे कोणाला काय मिळते आहे हे डॉक्टरांना ठाऊक होते. रुग्णही थोडे होते. या मर्यादा वाचकाने लक्षात घ्याव्यात. पण दिशा पाहावी. चढले हे कळणे आणि उतरवणे, असे मी वर शरीराविषयी लिहिले. इथे शास्त्र तेच करताना दिसते. आपला निष्कर्ष किती कलला आहे हे मोजायचे आणि मान उलट बाजूला न्यायची.

विंचू उतरवणाऱ्या गृहस्थांवर माझा राग नाही. ते पैसे घेत नसत. त्यांचे बहुतेक रुग्ण खरोखर बरे होत, कारण बहुतेक दंश जीवघेणे नसतातच. मोठी काळी इंगळी दिसायला भीषण, पण घात करतो तो लहानखुरा तांबडा. न उतरवता किती बरे झाले असते, हे मोजायची रीत त्यांच्याकडे नव्हती. दोन गट करणे ही ती रीत. आमच्यापाशी ज्ञान नव्हते असेही नाही. विंचवावरच्या एकनाथांच्या भारुडात अंगाला सुटणारा घाम आहे. तिथे विंचू म्हणजे काम-क्रोध, उतारा सत्त्वगुणाचा. वैद्यकाचा पुरावा म्हणून ते वाचणे वेडेपणाचे होईल. पण ऐकणाऱ्यांना विंचू आणि घाम यांची जोडी ओळखीची असल्याशिवाय ती उपमा चालली नसती. खूण चारशे वर्षांपूर्वी भाषेत होती. ती कोणी मोजली नव्हती. आरोग्य म्हणजे दोषांचे साम्य, ही सुश्रुताची कल्पना दाखवून समस्थिती आमच्याकडे आधीच होती, असे म्हणणाऱ्यांनाही मी हेच म्हणेन. कल्पना थोर आहे, पण किती चढले, किती वेळात उतरले, हे विचारले जात नाही तोवर ती कॅननची कल्पना नव्हे.

इथे साहित्याच्या वाचकांशीही माझे भांडण आहे. बावस्करांचे 'बॅरिस्टरचं कार्टं' हे आत्मकथन आपण वाचले, त्याचे कौतुक केले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा पुन्हा केले. पण कशाचे? गरिबीतून वर आलेल्या मुलाचे, आडगावी राहिलेल्या डॉक्टरच्या त्यागाचे. डॉक्टरांची आत्मकथने आपण संघर्षकथा म्हणून वाचतो, जिद्द मोजतो आणि पुस्तक मिटतो. खाटेजवळ बसून काय नोंदले, कोणता तर्क फसला, कोणते औषध का सोडले, हे आपल्या समीक्षेला साहित्याबाहेरचे वाटते. माणसाचे सर्वांत मोठे कृत्य त्याच्या विचारात असताना आपण त्याच्या हालअपेष्टांचे रसग्रहण करत बसतो. आमच्याच जिल्ह्यातल्या पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० मध्ये 'दिग्दर्शन' मासिक काढून शास्त्रीय विषय मराठीत आणले. इतक्या जुन्या प्रयत्नानंतर शास्त्राची माहिती मराठीत पुष्कळ साचली आहे. शास्त्राची चाल, म्हणजे ते अडखळते कसे आणि सावरते कसे, हे लिहिणारे आणि तसे वाचणारे अजून थोडे आहेत.

माझा भाऊ प्राझोसिनने वाचला असता का, हे मी स्वतःला विचारणे आता सोडले आहे. १९७९ मध्ये विंचवासाठी ते कोणाच्याही हाती नव्हते. दवाखाना दारात असता तरी त्या रात्री तिथे नेमके काय करायचे हे ठाऊक नव्हते, हे माझ्या जुन्या प्रश्नाचे उत्तर. आई गेली तोवर तिला वाटत होते की, आपण पोराला वेळेवर नेले नाही. हे लेख माझ्या हाती दहा वर्षे आधी आले असते तर तिला सांगता आले असते.

त्या मुलाला मी व्याख्या बदलायला सांगितली नाही. परीक्षेत त्याला तीच लिहायची आहे. त्याला मनगटावरची नाडी मोजायला शिकवले. वाडीमागची चढण धावत चढायची, वर पोहोचताच नाडी मोजायची आणि मग दर मिनिटाला, ती मूळ जागी येईपर्यंत. आठ दिवस त्याने आकडे लिहिले. पाचव्या दिवशी नाडी खाली यायच्या ऐवजी तिसऱ्या मिनिटाला पुन्हा चढली होती. तो आकडा त्याने पेन्सिलीने लिहिला होता आणि खोडरबर हातात घेऊनच तो माझ्याकडे आला.

"ह्यो चुकलो वाटता, काका. खोडू?"

मी त्याला त्या वेळी काय घडले ते आठवायला सांगितले. बराच विचार करून तो म्हणाला की, तिसऱ्या मिनिटाला गडग्यावरून शेजारच्यांचा कुत्रा अंगावर धावून आला होता. मी त्याला पेन दिले. त्याने तो आकडा शाईने गिरवला आणि पुढे कुत्र्याची नोंद केली.